उल्हासरावांचं पक्कं टेबल

टेबल पास की नापास, हे ठरवायची उल्हास किणीकरांची एकच परीक्षा होती. देवघरातली पितळी वाटी घ्यायची, ती काठोकाठ पाण्याने भरायची, टेबलाच्या मधोमध ठेवायची, आणि मग उजवा तळवा टेबलावर टेकवून, वाकून, चष्मा कपाळावर सरकवून पाण्याकडे बघत राहायचं. पाणी हललं की टेबल नापास. मग ते लोखंडी असो, बीचच्या लाकडाचं असो, नाहीतर साक्षात विश्वकर्म्याने पाठवलेलं असो. २००९च्या त्या वसंतात हॅरोतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये एकामागून एक टेबलं आली आणि नापास होऊन गेली. त्यांची बायको सुप्रभा हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. आधी आधी तिला हसू यायचं. पुढे ते आपोआप बंद झालं.

परीक्षा घरचीच होती. साताऱ्याला गणपती बसायच्या आदल्या दिवशी उल्हासरावांचे वडील, आप्पा, चौरंग असाच तपासायचे. कलशातलं पाणी हिंदकळलं तर वर्षभर घर हिंदकळतं, असं त्यांचं म्हणणं. उल्हासराव या असल्या गोष्टी मानणाऱ्यांतले नव्हते, पण वाटी मात्र त्यांनी सोडली नाही. सपाटी तपासायची स्पिरिट लेव्हल हाताशी असतानाही आधी वाटी.

माणूस तसा साधा. साताऱ्याहून सत्तरच्या दशकात इंग्लंडला आला, वेंब्लीजवळच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. जन्मभर रेघा मारल्या. पण रेघ म्हणजे अशी की, ऑफिसातले गोरे साहेब नव्या पोरांना ती दाखवायला घेऊन जायचे. ते लोक त्यांना ‘अल्’ म्हणायचे, ते चालायचं. ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवलेला चालायचा नाही. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले, तेव्हा उल्हासराव आपला बोर्ड बसमधून घरी घेऊन आले. कंडक्टरशी भांडण झालं, पण बोर्ड आला.

त्या बोर्डावर दर वर्षी गणपतीचं मखर जन्माला यायचं. हॅरोच्या आसपासची मराठी मंडळी चर्चचा हॉल घेऊन गणपती बसवायची, आणि त्याचं मखर उल्हासरावांचं, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी विचारतही नसे. पातळ प्लायवुडवर नक्षी काढायची, आणि बारीक पात्याच्या करवतीने ती कातून जाळी करायची. मोर, वेली, कमळं. विसर्जनानंतर ते मखर कुणाकडे तरी जायचं आणि पुढच्या वर्षी नवं व्हायचं. लोक दर्शनाला आले की आधी गणपतीला नमस्कार करायचे आणि मग मखराच्या कडेवरून हळूच बोट फिरवायचे. उल्हासराव खांबाआड उभे राहून ते बोट बघायचे. त्यांना वर्षभर तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी मात्र पाती तुटायला लागली. एका मोरात इतकी, की सुप्रभाला वाटलं, हे मुद्दाम तोडतायत की काय. “पाती हलकी आलीत,” उल्हासराव म्हणाले. दुकान बदललं. तरी तुटली. शेवटी एका मोराची मानच तुटली आणि ती झेंडूच्या माळेखाली झाकावी लागली. हॉलमध्ये कुणाच्याही लक्षात आलं नाही. पण त्या वर्षी उल्हासराव खांबाआड उभे राहिले नाहीत, बाहेर कार पार्कमध्ये फिरत होते.

म्हणून मग लेझर कटर. त्यांचा मुलगा परीक्षित इल्फर्डला राहायचा, आयटीत होता. त्यानेच ऑनलाइन शोधून चीनहून मागवला. मोठ्या सुटकेसएवढं यंत्र, वर झाकण, आत काचेची नळी. नळी तापू नये म्हणून बादलीतून पंपाने पाणी फिरवायचं, आणि धूर बाहेर काढायला खिडकीपर्यंत पाइप. उल्हासरावांनी कागदावर पेन्सिलीने नक्षी काढायची, परीक्षितने ती स्कॅन करून द्यायची, आणि मग यंत्राने ती रेघ जशीच्या तशी लाकडातून जाळत न्यायची. नक्षी कॉम्प्युटरवरच काढा, असं परीक्षितने सुचवून पाहिलं. उल्हासरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तो विषय परत काढला नाही.

यंत्राला टेबल पक्कं लागतं. आतलं डोकं, म्हणजे जिथून किरण लाकडावर पडतो तो भाग, सारखं इकडून तिकडे धावतं, टेबल डुगडुगलं तर तेही डुगडुगतं, किरण वळवणारे आरसे हलतात आणि रेघ भरकटते. तिथवर उल्हासरावांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं.

पहिलं टेबल वॉलपेपर चिकटवायचं, घडीचं. त्यावर लाटणं ठेवलं तरी ते हलायचं. त्याला नापास करायला वाटीची गरजच नव्हती. दुसरी आली ती कार बूट सेलमधून, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, शाळेतली टीव्हीची ट्रॉली. लोखंडी, चाकांना ब्रेक, खालच्या फळीवर बादली अगदी बेताची बसणारी. पंप, पाइप, यंत्र सगळं एकत्र हलवता येईल म्हणून उल्हासराव खूश होते. रविवारी परीक्षित आला, त्याने ट्रॉली ढकलून पाहिली.

“बाबा, हा ट्रॉली तर सॉलिड आहे. ऑनेस्टली. तुम्ही कुठून आणला?”

“‘ही’ ट्रॉली. आणि सॉलिड नाहीये. बघ.”

वाटी आली. तळवा टेकला. उल्हासराव वाकले. पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठत होत्या, कडेकडून मधोमध, थांबायचं नाव नाही.

“लॉरी गेली असेल,” परीक्षित म्हणाला.

“आपल्या क्लोजमध्ये, या बंद गल्लीत, कुठली रे लॉरी?”

सुप्रभा दारात भजी घेऊन उभी होती. कुठलीही लॉरी गेली नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण भजी गार होत होती, परीक्षितला परतायचं होतं, आणि पाल काय, एकदा चुकचुकून गप्प बसते.

आता आप्पांचं सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळणार नाही. आप्पांना कंपवात होता. सुरुवातीला नुसता कप वाजायचा. सकाळी साताऱ्याच्या ओसरीवर बशीत कप किणकिणला की घरात सगळ्यांना कळायचं, आप्पा उठले. पोरं हसायचीसुद्धा. मग सही जाऊ लागली, मग गुंड्या, मग घास. शेवटी शेवटी उल्हासरावांची भावजय भरवायची आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून जेवायचे. उल्हासराव इंग्लंडहून गेले ते अगदी अखेरच्या दिवसांत. परतताना विमानात ते सुप्रभाला एवढंच म्हणाले, “मला असलं काही व्हायला लागलं, तर मला सांगायचं नाही. कळलं? कुणीही सांगायचं नाही.” ती हो म्हणाली. माणूस नुकताच बाप जाळून आलेला, त्याला नाही कोण म्हणणार? त्या वेळी तिला वाटलं होतं, हे शोकाचं बोलणं आहे. आता इतक्या वर्षांनी कळत होतं, की तो शब्द त्यांनी तिच्याकडून घेतला होता आणि जपून ठेवला होता.

सुप्रभा केंटनला एका केमिस्टच्या दुकानात काउंटरवर काम करायची. औषध न्यायला आलेल्या माणसाला प्रिस्क्रिप्शनच्या मागे सही करावी लागते. एक म्हातारे गोरे गृहस्थ नियमित यायचे. दर खेपेला त्यांची सही आधीपेक्षा लहान व्हायची. अक्षरं एकमेकांना बिलगून, आक्रसून, कोपऱ्यात जाऊन बसायची. त्यांच्या गोळ्या कंपवाताच्या, हे सुप्रभाला पाठ होतं. मग एकदा घरी फ्रिजवर उल्हासरावांनी चिकटवलेली चिठ्ठी तिने वाचली. दूध, ब्रेड, प्लायवुड. ड्राफ्ट्समनचं अक्षर ते, छापल्यासारखं. पण मुंगीएवढं. तिने चष्मा लावला, तरी मुंगीएवढंच.

ती काही बोलली नाही. बोलायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर न बोलणं सोयीचंही होतं. रोज सकाळी चहा देताना तिने बशी देणं बंद केलं. उल्हासरावांनी विचारलं नाही, बशी कुठे गेली म्हणून. तेवढ्यावरून तिला कळायला हवं होतं, की हा माणूसही काहीतरी लपवतोय.

तिसरं टेबल एका बंद पडलेल्या ऑफिसातलं, पत्र्याचं, ड्रॉवरसकट. ड्रॉवरमध्ये त्यांनी विटा भरल्या. वाटी ठेवली, तळवा टेकला, पाणी हललं. उल्हासराव चिडले. पायांखाली रबर घातलं, भिंतीशी कोन ठोकले, गॅरेजची जमीनच खराब म्हणून तिला शिव्या घातल्या. जमीन काँक्रीटची, घर बांधल्यापासूनची. तिने काय घोडं मारलं होतं? हा शांत माणूस आता टेबलांवर खेकसायला लागला होता, आणि सुप्रभाला त्या खेकसण्याचीच जास्त भीती वाटायला लागली. टेबलावर इतकं कुणी रागावत नाही.

एका शनिवारी ती गॅरेज झाडत होती. कापलेले नमुने कोपऱ्यात पडले होते. मोराची मान, तीच ती, गेल्या वर्षी तुटलेली. यंत्रावर पुन्हा पुन्हा कापून पाहिलेली. एक ट्रॉलीवर कापलेली, एक पत्र्याच्या टेबलावर. उल्हासरावांनी दोन्ही फेकून दिल्या होत्या, कारण मानेची कड सफाईने वळत जायच्या ऐवजी किंचित थरथरत गेली होती. “बघ, टेबल कसं हललंय,” ते म्हणाले होते. तुकडे एकावर एक रचून ठेवावेत म्हणून सुप्रभाने एक मान दुसरीवर ठेवली.

दोन्ही तंतोतंत जुळल्या. वळण तर जुळलंच, पण थरथरसुद्धा. खाच तिथे खाच, फुगवटा तिथे फुगवटा.

ती केरसुणी धरून तशीच उभी राहिली. दोन वेगळी टेबलं एकाच जागी, एकसारखी कशी हलतील? ड्रॉइंग बोर्डावर मूळ कागद टाचलेला होता. तिने खिडकीच्या उजेडात तो निरखून पाहिला. पेन्सिलीची रेघ, आणि त्या रेघेत तीच खाच, तोच फुगवटा. यंत्र बिचारं इमानी होतं. त्याला जे काढून दिलं, ते त्याने जसंच्या तसं कापलं होतं.

हे उल्हासरावांना दिसलं नसेल? जन्मभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधली केसाएवढी चूक पकडणारा माणूस. त्यांना दिसलं नाही, असं नाही. त्यांनी पाहिलं नाही. घाबरलेला माणूस शहाणा असला तरी आंधळा होतो, आणि शहाणा असल्यामुळे त्याला कारणंही झकास सुचतात. सुप्रभाने ते तुकडे परत होते तसे कोपऱ्यात फेकून दिले आणि मूग गिळून स्वयंपाकघरात गेली.

अशीच ती गप्प राहिली असती, कदाचित गणपतीपर्यंत. पण मधे ती दुपार आली.

उल्हासराव गॅरेजमध्ये होते, यंत्र चालू होतं, भिंतीतून त्याची घरघर येत होती. सुप्रभा आमटीला फोडणी द्यायला कढईत तेल तापवत होती. जळका वास आला. तिने आधी गॅस बंद केला, मग कढई पाहिली. तेल नुकतं तापत होतं. वास वाढत होता, लाकूड जळल्याचा, कडवट. यंत्राची घरघर सुरूच होती, पण एकाच सुरात, जागच्या जागी अडकल्यासारखी.

तिने गॅरेजचं दार उघडलं. धुराचा पाइप खिडकीतून निसटून खाली लोंबत होता. यंत्राचं डोकं एका जागी अडकलं होतं आणि झाकणाखाली पिवळी ज्योत उठून काचेला चाटत होती. आणि उल्हासराव? यंत्राकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, ड्रॉइंग बोर्डावर वाकून, पेन्सिलीला टोक करत. निवांत.

तिने ओरडून प्लग ओढला, स्वयंपाकघरातल्या सिंकमधला ओला टॉवेल आणून झाकण उघडून आत टाकला, वरून दुसरा टाकला. ज्योत विझली. धूर मात्र डोळ्यांत गेला. उल्हासराव स्टुलावरून उठून बघत राहिले, हातात पेन्सिल तशीच.

“टेबल हललं,” ते म्हणाले. “टेबल हललं म्हणून डोकं अडकलं. मी सांगतोय ना तुला, पक्कं टेबल हवं.”

“अहो, वास आला नाही तुम्हाला?”

“कसला वास?”

शेजारची बाई कुंपणावरून ‘एव्हरीथिंग ऑल राइट, लव्ह?’ म्हणून विचारत होती. तिच्या घरापर्यंत वास गेला होता. आणि ज्याच्या पाठीमागे लाकूड जळत होतं, तो माणूस विचारत होता, कसला वास. मग सुप्रभाला बाकीचं आठवत गेलं. महिन्यापूर्वी तिची लसूण करपली, घरभर वास, आणि हे म्हणाले होते, छान झालीय भाजी. हिवाळ्यात दूध उतू जाऊन जळलं, तेव्हा हे शेजारीच पेपर वाचत बसले होते. आप्पांनाही उदबत्ती लागलीय की नाही, ते कळायचं नाही. सासूबाई हसून सांगायच्या, यांचं नाक म्हणजे नुसतं शोभेला. त्या वेळी कुणाला ठाऊक होतं, की कंपवातात वास येणं हाताच्याही आधी जातं.

आता गप्प राहणं म्हणजे या माणसाला गॅरेजमध्ये जळायला सोडून देणं होतं. शब्द दिला होता तो खरा. पण तो शब्द पाळता पाळता एक दिवस केंटनहून घरी यावं आणि क्लोजच्या तोंडाशी आगीचा बंब उभा असावा, हे तिला दिसायला लागलं. डोळे मिटले की दिसायचं.

चौथं टेबल एका कॉलेजच्या वर्कशॉपमधून आलं. जुनं सुतारकामाचं बेंच, बीचच्या जाड फळ्या, ओंडक्यासारखे पाय. ते उचलायला परीक्षित आणि त्याचे दोन मित्र लागले, आणि तिघांनीही नंतर कमरा धरल्या. उल्हासरावांनी काँक्रीटमध्ये भोकं पाडून ते बोल्टने जमिनीला जखडून टाकलं. परीक्षितने जाण्याआधी त्याला खांदा लावून ढकलून पाहिलं, मग उगीच लाथही मारली. बेंच ढिम्म.

“बाबा, धिस थिंग इज गोइंग नोव्हेअर,” तो म्हणाला आणि इल्फर्डला निघून गेला.

दोघंच राहिले. उल्हासरावांचा चेहरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. “आण वाटी,” ते म्हणाले. सुप्रभा देवघरातून वाटी घेऊन आली. वाटेत तिला वाटलं, वाटी हातातून सुटावी, पाणी सांडावं, आजचा दिवस जावा. तिने वाटी बेंचच्या मधोमध ठेवली आणि मागे झाली.

पाणी स्थिर झालं. खिडकीचा चौकोन त्यात अख्खा उतरला.

उल्हासराव पुढे आले. सवयीप्रमाणे उजवा तळवा त्यांनी बेंचवर टेकवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. पाण्यातली खिडकी फुटली. बारीक बारीक वळ्या, कडेकडून मधोमध.

“नाही,” ते पुटपुटले. “नाही, नाही. बोल्ट ढिले असतील. जमीनच—”

“अहो,” सुप्रभा म्हणाली. “हात काढून बघा एकदा.”

त्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिने त्यांच्या डोळ्यांत पूर्वी एकदाच पाहिली होती, विमानात. तू हो म्हणाली होतीस, असं ती नजर म्हणत होती. सुप्रभाने मान खाली घातली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तरी तिने मान खाली घातली नाही.

उल्हासरावांनी हात उचलला.

पाणी हळूहळू निवलं. खिडकी परत जुळून आली. ते बघत राहिले. मग त्यांनी हात पुन्हा टेकवला, अगदी हलकेच. खिडकी फुटली. उचलला, जुळली. असं त्यांनी किती वेळा केलं, कोण जाणे. ड्राफ्ट्समन माणूस, खात्री झाल्याशिवाय सही करणार नाही.

शेवटी त्यांनी तो हात दुसऱ्या हातात धरला आणि स्टुलावर बसले. यंत्र कोपऱ्यात होतं, त्याचं झाकण काळवंडलेलं. मग उल्हासरावांनी डाव्या हाताने बेंचच्या कडेवरून बोट फिरवलं, हॉलमध्ये लोक मखराच्या कडेवरून फिरवायचे तसं.

“टेबल चांगलं आहे गं,” ते म्हणाले. “पहिलं सोडलं, तर सगळीच चांगली होती.”